रंगस्थळ आणि समाज
(विजयपुरीच्या प्रेक्षागाराच्या निमित्ताने)

नाटकाचा विचार करताना आपल्याकडील टीका बहुधा संहितेपाशी आरंभ करते आणि संहितेपाशीच थांबते. कथानक, स्वभावरेखन, संवाद, रस यांची चर्चा झाली की नाटकाची चर्चा संपली असे आपण मानतो. पण ही संहिता कोणत्या जागेसाठी लिहिली गेली, प्रेक्षक नटाच्या समोर बसणार होते की भोवती, डोक्यावर छप्पर होते की आकाश, हे प्रश्न आपण स्थापत्याच्या किंवा पुरातत्त्वाच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांकडे साहित्याच्या बाजूने पाहण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी आमच्या हैदराबाद शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी उभे असलेले एक प्राचीन रंगस्थळ आम्ही विचारार्थ घेतले आहे. रोमन रंगमंदिराशी त्याची तुलना वारंवार केली जाते, आणि रोमन रंगमंदिरांत आज नाटके होतात तशी येथेही व्हावीत, असे बोलले जाते. या बोलण्यात तथ्य किती आणि हौस किती, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगू. सातवाहनांची सत्ता मावळल्यावर पूर्व दख्खनेत इक्ष्वाकू घराणे उदयास आले. तिसऱ्या शतकात आणि चौथ्याच्या आरंभी त्यांची राजधानी विजयपुरी ही नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात नांदत होती. १९२६ मध्ये या स्थळाचा शोध लागला. १९२७ ते १९३१ या काळात लाँगहर्स्ट यांनी तेथे उत्खनन केले. पुढे कृष्णेवर नागार्जुनसागर धरण बांधावयाचे ठरले तेव्हा सारे खोरे पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले. म्हणून १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखाली मोठ्या प्रमाणावर उत्खनन करण्यात आले. धरणाची कोनशिला १० डिसेंबर १९५५ रोजी बसली आणि १९६७ मध्ये कालव्यांत पाणी सोडण्यात आले. खोरे बुडाले. त्यापूर्वी निवडक वास्तू उचलून काही टेकडीच्या माथ्यावर (आज ती टेकडी जलाशयातील बेट झाली आहे) आणि काही काठावरील अनुपु या गावी पुन्हा उभारण्यात आल्या. अनुपु आज आंध्र प्रदेशाच्या पलनाडू जिल्ह्यात मोडते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते प्रेक्षागार आता तेथे आहे.

त्याची रचना साधी आहे. मध्ये चौकोनी अंगण, लांबीरुंदीला पन्नास फुटांच्या आसपास, आणि त्याच्या भोवती चढत गेलेल्या पायऱ्यांच्या बैठका. विटांच्या बांधणीवर दगडी लाद्या बसवून या पायऱ्या केल्या आहेत. जवळच हारितीचे देवालय आहे. या अंगणात नेमके काय चालत असे याविषयी विद्वानांनी नृत्य, संगीत, नाट्य, मल्लयुद्ध असे निरनिराळे तर्क केले आहेत. नागार्जुनकोंड्याच्या शिल्पांत नृत्यवादनाची दृश्ये विपुल आहेत, हे नाट्यनृत्याच्या तर्काला अनुकूल आहे. पण अनुकूल असणे म्हणजे सिद्ध असणे नव्हे.

ही वास्तू ‘रोमन’ म्हणावी काय? या प्रश्नाचे उत्तर घाईने ‘होय’ असे देणारे थोडे नाहीत. त्यांच्यापाशी पुरावाही अगदीच नाही असे नाही. नागार्जुनकोंड्यास रोमन सुवर्णनाणी सापडली आहेत. तेथील एका स्तंभावर हाती मद्यशृंग घेतलेली अर्धवस्त्र पुरुषाकृती कोरलेली असून तिच्यात अभ्यासकांनी दायोनिसस हा ग्रीक देव ओळखला आहे. आणि दायोनिसस हा तर ग्रीक नाट्याचा अधिदेव. आपल्या मराठवाड्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, याचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात येतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती मिळाली. दख्खनचा रोमन जगाशी व्यापार होता याविषयी शंकेला जागा नाही.

परंतु व्यापाराचा पुरावा हा वास्तुरूपाच्या उसनवारीचा पुरावा होत नाही. रोमन रंगमंदिराचे रूप ध्यानी घ्यावे. तेथे प्रेक्षकांची बैठक अर्धवर्तुळाकार असते आणि तिच्यासमोर रंगमंचामागे कित्येक मजली, स्तंभांनी व मूर्तींनी सजविलेली भिंत उभी असते. ही भिंत रोमन रंगमंदिराचा प्राण होय. तिच्यामुळे नटाला पाठ मिळते, प्रवेशद्वारे मिळतात, आवाज प्रेक्षकांकडे परततो. दुसरा प्रकार अॅम्फिथिएटरचा. तो लंबवर्तुळाकार, चहूंकडून बंद. तेथे झुंजी होत, नाटके नव्हेत. विजयपुरीचे प्रेक्षागार या दोहोंत बसत नाही. ते वर्तुळ नव्हे, चौकोन आहे; त्यास रंगपाठीची भिंत नाही; आणि झुंजींसाठी बांधलेल्या विराट रोमन वास्तूंच्या मानाने ते एखाद्या वाड्याच्या चौकाएवढे आहे. आपल्या चौकाच्या चारी बाजूंस पायऱ्या चढविल्या तर जे होईल तेच येथे झाले आहे. तेव्हा रोमन हे विशेषण सोडून देणे आम्हांस इष्ट वाटते. त्याने वास्तूची प्रतिष्ठा वाढत नाही. उलट तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र परक्या नमुन्याने बांधली जाते.

परका नमुना सोडला तर आपल्याजवळचा नमुना कोणता? तो भरताच्या नाट्यशास्त्रात आहे असे कोणीही म्हणेल. पण येथेच खरी गंमत आहे. भरताने सांगितलेला नाट्यमंडप आणि विजयपुरीचे प्रेक्षागार ही परस्परांच्या अगदी उलट तत्त्वांवर उभी आहेत. भरत विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार सांगतो, आणि मर्त्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम मंडप उत्तम मानतो. मंडप फार मोठा केला तर पाठ्य ऐकू येत नाही आणि मुखावरचे सूक्ष्म भाव दिसत नाहीत, असे त्याचे कारण आहे. मंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, वारा आत येऊ नये, म्हणजे आवाज गंभीर उमटतो, असाही त्याचा आग्रह आहे. हे सारे नियम एका विशिष्ट नाट्यवाङ्मयाला पोषक आहेत: ज्या वाङ्मयात भुवईची हालचाल हा अर्थाचा भाग आहे, ज्यात श्लोकाचा एकेक वर्ण कानी पडला पाहिजे, ज्यात नायिका शौरसेनीत बोलते आणि गाताना महाराष्ट्री प्राकृतात गाते, आणि हा भेद ओळखणारा प्रेक्षक समोर बसलेला आहे. शाकुंतल हे या गुहेतले नाटक आहे.

विजयपुरीच्या चौकात ही गुहा नाही. तेथे वर आकाश आहे, वारा आहे, आणि मुख्य म्हणजे नटाला पाठ फिरविण्यासाठी जागा नाही. कारण ज्याच्याकडे तो पाठ करील तेथेही प्रेक्षक बसला आहे. अशा जागी भुवई कामास येत नाही. अंगविक्षेप, चाल, ताल आणि खुला स्वर कामास येतो. पडद्यामागून प्रकट होण्याचे नाट्य येथे संभवत नाही. पात्र लोकांतूनच वाट काढीत येते आणि लोकांतूनच जाते. प्रेक्षकाला नटापलीकडे रंगविलेला देखावा दिसत नाही, तर समोरच्या पायरीवर बसलेला दुसरा प्रेक्षक दिसतो. या शेवटच्या गोष्टीला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. बंद मंडपात प्रेक्षक नाटक पाहतो. चहूंकडून वेढलेल्या चौकात तो नाटक पाहणाऱ्या समुदायालाही पाहतो, आणि त्या समुदायातला एक म्हणून स्वतःला पाहतो.

येथे एका शब्दाच्या इतिहासाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आज आपण ‘समाज’ हा शब्द सर्व लोकांच्या संघटित जीवनासाठी वापरतो. प्राचीन शिलालेखांत त्याचा एक अर्थ याहून मूर्त आहे. समाज म्हणजे उत्सवप्रसंगी खेळ, नृत्य, गान, झुंजी पाहण्यासाठी जमलेला मेळा. नाशिकच्या लेण्यांतील प्रसिद्ध लेखात गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती करताना त्याने उत्सव आणि समाज भरविले, हा त्याच्या गुणांत गणला आहे. कलिंगाच्या खारवेलाचा हाथीगुंफेतील लेखही राजाच्या अशाच कृत्याची नोंद करतो. आणि त्यांच्याही आधी अशोकाने आपल्या पहिल्या शिलाशासनात समाज भरविण्यास मनाई केली आहे. समाजात राजाला पुष्कळ दोष दिसतात असे तो सांगतो, आणि लगेच पुस्ती जोडतो की काही समाज मात्र चांगले मानलेले आहेत. हे शासन आंध्रातील येर्रागुडी येथेही कोरलेले आहे. म्हणजे इक्ष्वाकूंच्या कितीतरी आधी या भूमीत हा वाद चालू होता: लोकांना एकत्र बसवून काही दाखविणे हे पुण्य की पाप? अशोकाचे उत्तर मार्मिक आहे. पुण्य-पाप हे एकत्र बसण्यात नाही. काय दाखविले जाते आणि त्याने बसलेल्यांचे काय होते, यात ते आहे. विजयपुरीचे प्रेक्षागार म्हणजे या जुन्या अर्थाच्या समाजाला दिलेले दगडी रूप, असे आम्ही समजतो.

आता युरोपकडे वळू. जुन्या रोमन वास्तूंत नव्याने प्रयोग करण्याची चाल तेथे कशी रुजली आणि तिचे फळ काय, हे पाहणे आपल्या प्रश्नाला उपकारक ठरेल. फ्रान्सच्या दक्षिणेस ओरांज येथील रंगमंदिर पहिल्या शतकातले. त्याची मागची भिंत १०३ मीटर लांब व ३७ मीटर उंच असून आजही उभी आहे. मध्ययुगानंतर त्याच्या आत लोकांनी घरे बांधली होती. एकोणिसाव्या शतकात ती काढून टाकण्यात आली आणि १८६९ पासून तेथे प्रयोग होऊ लागले. इटलीत वेरोनाच्या अॅम्फिथिएटरमध्ये १९१३ साली, व्हेर्दी या संगीतकाराच्या जन्मशताब्दीनिमित्त, त्याची ‘आयदा’ ही संगीतिका झाली आणि तेथे उन्हाळी महोत्सवाची प्रथा पडली. स्पेनमध्ये मेरिदा येथील रंगमंदिर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस अग्रिप्पाने बांधले. १९१० पासून ते उत्खननाने उघडे झाले. आणि १९३३ मध्ये तेथे सेनेकाचे ‘मेदेआ’ हे नाटक उनामुनो यांच्या स्पॅनिश भाषांतरात झाले. मार्गारिता शिर्गू यांनी मेदेआची भूमिका केली.

ही तीन उदाहरणे एका जातीची दिसतात, पण नाट्यदृष्ट्या त्यांत मोठे अंतर आहे. वेरोनाची वास्तू मुळात झुंजींची. तेथे संगीतिका शोभते याचे कारण ती संगीतिकाही भव्य देखाव्याची आहे. मिरवणुका, मंदिरे, जनसमुदाय हे तिचे अंग आहे. भव्यतेला भव्यता मिळाली, एवढाच तेथील संयोग. मेरिदाचे मात्र तसे नाही. सेनेका हा कोर्दोबाचा, म्हणजे स्पेनच्याच भूमीतला. त्याची नाटके रंगभूमीसाठी लिहिली की नुसत्या वाचनासाठी, हा वाद विद्वानांत आजही मिटलेला नाही. अशा नाटकाला त्याच काळाच्या रंगमंदिरात उभे करणे म्हणजे विद्वानांच्या वादाला प्रयोगाने उत्तर देण्याचा यत्न होय. आणि ते उत्तर लॅटिनमध्ये न देता आजच्या स्पॅनिशमध्ये दिले गेले, यात त्या उद्योगाचे शहाणपण आहे. जागा जुनी, कवी जुना, पण वाणी समोर बसलेल्यांची. जुन्या वास्तूत प्रयोग करण्याचा योग्य मार्ग कोणता असे कोणी विचारले तर आम्ही वेरोनाऐवजी मेरिदाकडे बोट दाखवू.

तथापि या चित्राची दुसरी बाजू लपविणे उचित नव्हे. सीरियातील पाल्मिरा येथील रोमन रंगमंदिरात २०१५ साली, ते शहर तथाकथित इस्लामी राज्याच्या ताब्यात असताना, कैद्यांचे वध जमलेल्या लोकांसमोर करण्यात आले. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या मे महिन्यात, शहर मुक्त झाल्यावर त्याच रंगमंचावर रशियन वाद्यवृंदाने संगीताचा कार्यक्रम केला. त्यानंतर शहर पुन्हा त्या टोळ्यांच्या हाती गेले आणि २०१७ च्या आरंभी रंगमंदिराच्या दर्शनी भागाचा विध्वंस झाल्याचे उघड झाले. त्याच पायऱ्या, तेच आकाश. आणि एका वर्षाच्या अवधीत हत्येचा व संगीताचा असे दोन्ही ‘समाज’ तेथे भरले. प्राचीन वास्तू स्वतःहून कोणाला संस्कृत करीत नाही, हे याहून कठोर शब्दांत सांगता येणार नाही. जुन्या दगडांवर नाटक झाले की ते आपोआप थोर होते ही समजूत म्हणूनच टाकून द्यावी लागते.

आपल्याकडील अनुभव काय सांगतो? दिल्लीत इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ मध्ये फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ केले, आणि पुढे १९७० नंतरच्या दशकात पुराना किल्ल्यात गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ उभे केले. हे प्रयोग भारतीय रंगभूमीच्या इतिहासात जमा झाले आहेत. त्यांचे रहस्य कशात होते? ‘तुघलक’ची कथा चौदाव्या शतकातली, पुराना किल्ला सोळाव्या शतकातला. म्हणजे जागा आणि कथा यांचे ऐतिहासिक नाते तेथे मुळीच नव्हते. नाते होते ते आशयाचे. सद्हेतूंच्या ढिगाऱ्याखाली राज्य गाडले जाते, हा त्या नाटकाचा विषय. आणि ढिगारा समोर होताच. ‘अंधा युग’मध्येही युद्धानंतरची राख हाच विषय. भग्न वास्तू ही तेथे सजावट नव्हती. तिने संहितेतील एका प्रतिमेला देह दिला.

आमच्या हैदराबादेत या दिशेने जे घडले आहे त्याचीही दखल घेतली पाहिजे. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम अनेक वर्षे चालत आला आहे. भिंतींवर रंगीत उजेड पडतो आणि ध्वनिक्षेपकातून इतिहास बोलतो. नट मात्र नसतो. नटाशिवायचे हे नाट्य म्हणजे प्राचीन वास्तूच्या वापराची सर्वांत सोपी व सर्वांत रिती पद्धत होय, असे आमचे मत आहे. याहून पुष्कळ वरच्या पायरीवर मोहम्मद अली बेग यांचे ‘कुली: दिलों का शहजादा’ हे नाटक आहे. मुहम्मद कुली कुत्बशाह आणि त्याची प्रेमकथा हा त्याचा विषय, आणि ते गोवळकोंड्याच्या किल्ल्यातच खेळले गेले. इब्राहिमबागेतील तारामती बारादरीच्या परिसरातही अर्वाचीन खुले प्रेक्षागार करण्यात आले असून तेथे नाट्यनृत्याचे कार्यक्रम होतात. या उद्योगाने हैदराबादी रंगभूमीला तिचा स्वतःचा परिसर मिळवून दिला, हे श्रेय मोठे आहे.

पण टीकाकाराने येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ज्या राजाची कथा, त्याच राजाच्या किल्ल्यात ती सांगितली की प्रेक्षकाचे मन आधीच जिंकलेले असते. जे संवादाने आणि व्यक्तिरेखेने पटवावयाचे ते भिंत पटवून देते. लेखकाचा भार अशा रीतीने हलका होणे हे साहित्याच्या दृष्टीने हितकर नाही. आपल्या मराठी मुलखातही ऐतिहासिक महानाट्यांत हत्ती, घोडे, मशाली यांनी पुष्कळदा संहितेचे काम आपल्या अंगावर घेतलेले दिसते. म्हणून आमचा निकष असा: ते नाटक उद्या साध्या सभागृहात, किंवा शाळेच्या पटांगणात केले तर त्यात काय उरते? काही उरत असेल तर प्राचीन वास्तूने त्यात भर घातली असे म्हणावे. काहीच उरत नसेल तर ते स्थलदर्शन होते, नाटक नव्हते.

आता पुन्हा अनुपुच्या प्रेक्षागाराकडे येऊ. ते गोवळकोंड्यासारखे आपल्या मूळ जागी नाही. त्याचे दगड, विटा, मोजमाप घेऊन ते अन्यत्र उभे करण्यात आले. ज्या भूमीवर ते होते तेथे आज पाणी आहे. यामुळे त्याची सत्यता उणावली असे काहींना वाटते. आम्हांस या प्रसंगी भाषांतराची आठवण होते. भाषांतरात मूळ कृतीचा बांधा येतो, प्रमाण येते, अवयवांचा परस्परसंबंध येतो. मूळ माती येत नाही. चांगल्या भाषांतराने माती आल्याचा आव आणू नये आणि बांध्यात कसर करू नये, एवढीच अपेक्षा असते. अनुपुचे प्रेक्षागार हे विजयपुरीच्या रंगस्थळाचे असे दगडी भाषांतर होय. आणि ज्याअर्थी ते भाषांतर आहे त्याअर्थी त्याचे वाचन व्हावयास हवे. नाटकाच्या जागेचे वाचन प्रयोगाने होते. पायरीवरून चौकात किती दिसते, चौकातून पायरीपर्यंत कोणता स्वर पोहोचतो, पाठीमागील प्रेक्षकाचे काय करावयाचे, हे नकाशावरून कळत नाही.

यावर जतनाच्या पक्षाचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. गर्दी झाली की दगड झिजतात; दिव्यांचे खांब उभे राहिले की लाद्या हलतात; एकदा परवानगी मिळाली की लग्नसमारंभही मागे येतात. १९५८ च्या पुरातत्त्वीय कायद्याखालील नियमांनी संरक्षित वास्तूंत असे कार्यक्रम करण्यास पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली आहे, ती योग्यच आहे. आम्ही महोत्सवाची मागणी करीत नाही. ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे, उभारलेली नेपथ्ये यांतले काहीही नसलेला, दिवसाउजेडी, मोजक्या प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग एवढेच पुरे. जो प्रयोग एवढ्यावर उभा राहत नाही तो त्या जागेचा नव्हे. अशा रीतीने जतनाचा नियम आणि नाट्याचा नियम येथे एकच होतो.

मराठी नाटकांपैकी तेथे काय उभे राहील? हा प्रश्न आम्ही केवळ कल्पनाविलासासाठी विचारीत नाही. त्याने आपल्या नाटकांची घडण तपासली जाते. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा सूत्रधार, विदूषक, गणपती-सरस्वती आणि गाणारे मंडळ यांवर खेळ चालला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’बरोबर पडदे, प्रवेश आणि चौकट यांचे राज्य सुरू झाले आणि ते अद्याप सर्वस्वी गेलेले नाही. देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटके चौकटीसाठीच लिहिलेली आहेत. विजयपुरीच्या चौकात ती उघडी पडतील, आणि यात त्यांचा दोष नाही.

अलीकडच्या नाटकांत उदाहरण घ्यावयाचे तर ‘घाशीराम कोतवाल’ घ्यावे. १९७२ च्या या नाटकात ब्राह्मणांच्या रांगेची भिंत होते. ती कधी समोर तोंड करते, कधी पाठ, आणि पाठीमागे काय चालले आहे ते झाकते. झाकणे हाच त्या नाटकाचा आशय आहे. चारी बाजूंनी प्रेक्षक बसला तर ही भिंत काहीच झाकू शकणार नाही, आणि नाटकाचे मर्म नाहीसे होईल. दिसावयास लोकनाट्यासारखे असूनही ते समोरून पाहण्याचे नाटक आहे, हे विजयपुरीचा चौक आपल्याला शिकवितो. याच्या उलट सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४). त्यात मेलेला भाऊराव कीर्तनकार होऊन आपल्याच मरणाचे कीर्तन लावतो. कीर्तनकार हा मुळातच लोकांच्या मध्ये उभा राहणारा, वळणारा, श्रोत्यांना नावाने हाक मारणारा. त्याला पाठ नाही. हे नाटक त्या चौकात अधिकच फुलेल अशी आमची खात्री आहे. दशावतार, गोंधळ, जागरण या परंपरांविषयी तर सांगावयासच नको. त्यांनी मांडव आणि अंगण सोडून चौकटीचा आग्रह कधी धरलाच नाही. आणि ‘तुघलक’? विजय तेंडुलकरांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. देवगिरीच्या तटावर दोन पहारेकरी रात्री बोलत उभे आहेत, हा त्यातील प्रवेश चौकात सहज उतरेल. पण दरबारातील गुप्त कारस्थानांना आडोसा लागतो, आणि तो येथे मिळणार नाही. मात्र येथे अडचणीलाच अर्थ येऊ शकेल: जे कारस्थान करणाऱ्यांना गुप्त वाटते ते चहूंकडून सर्वांना दिसत आहे.

शेवटी एक गोष्ट विशेषतः अध्यापकवर्गासमोर ठेवावीशी वाटते. महाविद्यालयांत आपण नाटक शिकवितो ते पुस्तक म्हणून. संधी, अर्थप्रकृती, शोकांतिकेची व्याख्या हे सारे आवश्यकच आहे. पण प्रत्येक नाटक शिकवावयास घेताना आरंभीच विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: येथे प्रेक्षक कोठे बसला आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की संवादाची लांबी, स्वगताचे प्रयोजन, पात्रांचे येणे-जाणे, इतकेच काय भाषेचा बाजही नव्याने उलगडतो. भरताने मंडपाचे माप सांगितले ते नाट्यशास्त्राच्या दुसऱ्याच अध्यायात, रसाच्या चर्चेच्या कितीतरी आधी. या क्रमाचा अर्थ आपण पुरेसा मनावर घेतलेला नाही. विजयपुरीच्या शिल्प्यांना भरताचा ग्रंथ माहीत होता की नव्हता, याने फारसे बिघडत नाही. लोक जेथे बसतील तेथून नाट्याचा विचार सुरू करावा, हे त्यांनाही कळले होते. त्यांच्या पायऱ्या उचलून कोरड्या जमिनीवर आणण्यास आपल्या पिढ्यांनी श्रम केले. तेथे बसून ऐकण्याजोगे मराठीत काय लिहिले जाते, याची चिंता आता लेखकांनी आणि त्यांना घडविणाऱ्या अध्यापकांनी वाहावयाची आहे.